हातभार की कमाई? परदेशी गेलेल्या बायकांची नोकरी, पगार आणि मायदेशाचे संस्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत आमच्या गावच्या वाचनालयातल्या एका खोलीत महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस मराठी बायका जमतो. नोकरी सुटलेल्या, परत लागलेल्या, कधीच न केलेल्या, आता पन्नाशीत सुरू करू पाहणाऱ्या. विषय दर वेळी वेगळा ठरवतो, पण बोलणं फिरून तिथंच येतं: काम, पगार आणि ‘आपल्यात कसं असतं’. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं. मी इथे २००६ साली आले, पुण्यातली बँकेची नोकरी सोडून, एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून; त्यावर तेव्हा काम करता येत नव्हतं. या विषयावरचं संशोधन सुरुवातीला स्वतःपुरतं वाचायला लागले. मग ते वाचणं सुटलंच नाही.

मायदेशाच्या संस्कारांचा परदेशातल्या कामाशी संबंध असतो, हे ठरवतात कसं?

एखादी बाई नोकरी का करत नाही, याचं उत्तर तिच्या गावात बसून मिळणं कठीण. गावात नोकऱ्याच नसतात, एसटी वेळेवर नसते, सासरी चालत नाही, पगार परवडत नाही. सगळं एकमेकांत गुंतलेलं. परदेशात यातल्या बऱ्याच गोष्टी बाजूला काढता येतात. एकाच अमेरिकन शहरात इटलीच्या, मेक्सिकोच्या, स्वीडनच्या मुळाच्या बायका राहतात. कायदे तेच, पगार देणारे तेच, पाळणाघराचे दर तेच. एवढं असूनही त्यांच्या कामात फरक उरला, आणि तो त्यांच्या मूळ देशातल्या बायकांच्या कामाशी जुळला, तर घरातून आलेलं काहीतरी त्यात आहे असं म्हणायला जागा होते.

रॅकेल फर्नांडेझ आणि अलेसांद्रा फोग्ली या दोघी अर्थतज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केलं. त्यांनी १९७० च्या अमेरिकन जनगणनेतून तीस ते चाळीस वयाच्या अशा विवाहित बायका निवडल्या, ज्या स्वतः अमेरिकेत जन्मल्या होत्या पण ज्यांचे वडील दुसऱ्या देशात जन्मले होते. म्हणजे व्हिसाची अडचण नाही, भाषेचीही नाही. मग वडिलांच्या देशात १९५० साली किती बायका कामावर जात होत्या ते पाहिलं. जिथे जास्त जात होत्या, तिथल्या लेकी अमेरिकेतही आठवड्याला जास्त तास काम करत होत्या. ज्या गटांचे लोक एकाच वस्तीत दाटीने राहायचे, त्यांच्यात हा परिणाम आणखी ठळक होता. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, भारतीयांच्या दाट वस्तीत राहून हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

ते दुसऱ्या पिढीचं झालं. ज्या स्वतः विमानातून उतरल्या त्यांचं काय?

त्यांच्यावर फ्रॅन्सिन ब्लाऊ, लॉरेन्स कान आणि केरी पॅप्स यांचं काम आहे. त्यांनी १९८० ते २००० या काळातल्या जनगणनांवरून परदेशातून आलेल्या विवाहित स्त्रिया पाहिल्या. आल्या-आल्या सगळ्याच बायका इथल्या बायकांपेक्षा कमी काम करतात, हे साहजिकच. पुढे वर्षं जातात तसं काम वाढत जातं. ज्या देशांत बायका मोठ्या संख्येने कामावर जातात तिथून आलेल्यांचं अंतर कालांतराने पूर्ण मिटतं. ज्या देशांत कमी जातात तिथून आलेल्यांचंही बरंचसं मिटतं. पण या दोन गटांमधला फरक मात्र मागे राहतोच.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुरुषांबद्दलची आहे. मायदेशात बायका किती काम करतात याचा परदेशी आलेल्या पुरुषांच्या कामावर काहीच परिणाम दिसला नाही. देश गरीब, शिक्षण कमी, इंग्रजी कच्चं, अशी कारणं असती तर ती नवऱ्यांनाही लागू झाली असती. बायकांनाच लागू होणारी जी गोष्ट उरते ती म्हणजे बाईने काय करावं याबद्दलची धारणा.

म्हणजे ‘आपली संस्कृतीच तशी’ हे खरं?

नाही. हे वाक्य आमच्या गटात कुणी म्हटलं की मी ढाका आणि लंडनची गोष्ट सांगते.

नायला कबीर या बांगलादेशी वंशाच्या अभ्यासक. त्यांनी १९८० च्या दशकापासून दोन ठिकाणच्या बांगलादेशी बायकांच्या कामाचा माग काढला. दोन्हीकडे धंदा एकच, कपडे शिवण्याचा. ढाक्यात, जिथे पडद्याची चाल मोठी, तिथल्या बायका हजारोंनी घराबाहेर पडून कारखान्यांत जायला लागल्या होत्या. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, जिथे बाई रस्त्यावर एकटी फिरली तर कुणाला काही वाटत नाही, तिथल्या बांगलादेशी बायका मात्र घरीच शिलाई मशीन लावून नगावर पैसे घेत होत्या. नुसत्या ‘संस्कृती’ने उत्तर काढलं असतं तर ते बरोबर उलटं आलं असतं.

असं का झालं? ढाक्यात बायका वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आल्या होत्या, शहरात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. लंडनला आलेले बहुतेक लोक सिल्हेटचे, बऱ्याच जुन्या वळणाच्या भागातले, आणि अख्खं गाव उचलून आणल्यासारखे जवळजवळ राहणारे. बाहेर वर्णद्वेषाची भीती, घरात लहान मुलं. शिवाय पुरुष कारखान्यांत आणि बायका घरी ही कामाची वाटणी तिथे आधीच पडलेली. गावाकडची नजर लंडनमध्ये बरोबर आली होती आणि ढाक्यात ती मागे सुटली होती. त्यामुळे कुणी कुठल्या देशातून आलं यापेक्षा ती नजर बरोबर आली की नाही, हे मी आधी विचारते.

मग मायदेशातून नेमकं काय बरोबर येतं?

माझ्या मते शब्द येतात आणि हिशेब करायची रीत येते.

आपल्या मराठीतच बघा. नवरा करतो ती ‘कमाई’, बायको करते तो ‘हातभार’. तो ‘कर्ता’, ती ‘घर सांभाळून नोकरी करते’. पुरुषाबद्दल कुणी ‘घर सांभाळून नोकरी करतो हो’ असं कौतुकाने म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. हे शब्द कुणी वाईट हेतूने वापरत नाही. माझ्या आईनेही मला ‘तुझा संसाराला हातभार लागेल’ असंच म्हटलं होतं, डोळ्यांत पाणी आणून, अभिमानाने.

आता हिशेब. २०१५ साली मला कामाची परवानगी मिळणार असं दिसायला लागलं तेव्हा आम्ही दोघं रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. नवऱ्याने मोठ्या आस्थेने एक्सेलचा तक्ता केला. वर माझा संभाव्य पगार, हातात येणारा ३,४०० डॉलर. त्याखाली वजाबाक्या: धाकटीचं पाळणाघर १,४००, थोरल्याचं शाळा सुटल्यानंतरचं केंद्र ४५०, दुसरी गाडी नि तिचा विमा ४५०, बाहेरून मागवायचं जेवण २००. खाली हिरव्या रंगात उरले ९००. “एवढ्यासाठी तू दगदग कशाला करतेस?” तो म्हणाला, आणि त्याला खरंच माझी काळजी होती.

मला त्या रात्री काही सुचलं नाही. दोन दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं की पाळणाघराची वजाबाकी माझ्याच पगारातून केली होती. मुलं दोघांची. मग मी तोच तक्ता घेऊन दोघांचे पगार वर शेजारी-शेजारी लिहिले आणि सगळे खर्च त्याखाली एकत्र मांडले. आकडे तेच राहिले, पण ‘एवढ्यासाठी’ हा शब्द त्यात बसेना. शिवाय त्या तक्त्यात पाच वर्षांनंतरचा पगार नव्हता, नोकरीकडून निवृत्तीच्या खात्यात पडणारे पैसे नव्हते, आणि धाकटी शाळेत गेली की बंद होणारी १,४०० ची ओळ कायमची असल्यासारखी धरली होती.

जनगणनेत दिसणारा फरक तयार होतो तो अशा टेबलांवर, असं मला वाटतं. तुमच्या घरी असा तक्ता झाला असेल तर तो पुन्हा काढून बघा.

माझ्या नोकरीच्या आड संस्कार नाही, व्हिसा आला. त्याचं काय?

तुमचं बरोबर आहे, आणि हे दोन वेगळे ठेवायलाच हवेत. व्हिसाने अडवलेल्या बाईला ‘इंडियन बायकांना घरीच राहायला आवडतं’ असं म्हणणारे मला अनेकदा भेटले आहेत, आणि दर वेळी मला तितकाच राग येतो.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांत भारतीय सर्वांत जास्त, त्यांत पुरुष बहुसंख्य. त्यांच्या जोडीदाराला मिळतो एच-४. त्यावर शिकता येतं, पगाराचं काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून यात एक खिडकी उघडली: नवऱ्याच्या ग्रीनकार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्याला त्या रांगेमुळे सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर बायकोला कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, मागता येते. डिसेंबर २०१७ पर्यंत अशा ९० हजारांहून अधिक जणांना पहिल्यांदा परवानगी मिळाली. ती मिळालेल्यांत ९३ टक्के स्त्रिया होत्या, आणि ९३ टक्के भारतात जन्मलेले. दार उघडल्यावर इतक्या जणी आत आल्या. त्यांना घरी बसायचं होतं असं कसं म्हणायचं?

हा नियम त्याच वर्षी कोर्टात गेला आणि तब्बल दहा वर्षं टांगणीला राहिला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान ऐकायला नकार दिला, त्यामुळे नियम टिकला. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. मुदत संपायच्या आधी जितक्या लवकर अर्ज करता येईल तितक्या लवकर करा. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून काम थांबवावं लागतं.

शेजारचं उदाहरण बघा. कंपनीने भारतातल्या कचेरीतून बदली करून पाठवलेल्यांना एल-१ व्हिसा मिळतो. त्यांच्या बायकांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या कार्डाशिवाय काम करता येतं. एकाच सोसायटीत, एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन मैत्रिणी. एक एल-२ वर म्हणून तिसऱ्या महिन्यात कामावर, दुसरी एच-४ वर म्हणून नऊ वर्षं घरी. त्यांच्या संस्कारांत काडीचा फरक नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्हिसाची सक्ती दहा वर्षं चालली की घराची घडी त्याप्रमाणे बसते. परवानगी येते तेव्हा मुलांचा डबा, क्लासची ने-आण, नवऱ्याची उशिराची मीटिंग हे सगळं ‘ती घरी आहे’ असं धरून आखलेलं असतं. तिथून पुढे आड येते ती सवय, आणि तिला आपण संस्कृती म्हणायला लागतो.

महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या राबतायत. मग भारताचा सरासरी आकडा आपल्याला कसा लागू होईल?

पूर्ण लागू होत नाहीच. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत संस्कृती एवढी बदलत नसते. वाढ मुख्यतः खेड्यांतली आहे, स्वतःच्या किंवा घरच्या कामात असलेल्या बायकांची. त्यातल्या कितीतरी जणींच्या हातात पगार म्हणून काही पडत नाही.

कोकणात भाताची लावणी बायकांच्या वाकलेल्या पाठीवर होते, विदर्भात कापूस त्याच वेचतात. शेतीची पद्धत आणि बाईचं स्थान यांचा संबंध एस्टर बोसरप यांनी १९७० सालीच मांडला होता: जिथे नांगराची शेती, तिथे बाई उंबऱ्याआड गेली, जिथे कुदळ-फावड्याची, तिथे ती रानात राहिली. पुढे २०१३ मध्ये अलेसिना, जुलियानो आणि नन यांनी हे आकडेवारीने तपासलं. नांगर वापरणाऱ्या समाजांतून आलेल्यांच्या मुली परदेशातही कमी प्रमाणात नोकरी करताना दिसल्या. शेकडो वर्षांपूर्वीचं अवजार आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलीचं आज कामावर जाणं-न जाणं! मात्र आपल्याकडे नांगर असूनही लावणी-खुरपणी बायकांकडेच राहिली. त्यामुळे हा नियम आपल्या शेतावर सरळ बसवता येत नाही.

शिवाय आपल्याकडे दुसरी एक धार आहे. १८४८ सालची पुण्यातली सावित्रीबाईंची शाळा. १८८६ साली पेनसिल्वेनियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई; मराठी बाई शिकायला अमेरिकेत आली ती तेव्हा. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली सेवासदन संस्था, कर्व्यांचं १९१६ चं महिला विद्यापीठ. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जतचा पापड. आणि सकाळच्या लोकलमध्ये भाजी निवडत ऑफिसला जाणाऱ्या हजारो बायका. इथे येताना यातलं काय घेऊन आलात, ते तुमच्या घरावर अवलंबून असतं. ‘मराठी’ म्हणून एकच पेटी सगळ्यांनी आणलेली नसते.

नवऱ्याच्या घरच्या वळणाचा परिणाम होतो का?

होतो, आणि मोजलेला आहे. फर्नांडेझ आणि फोग्ली यांच्याच अभ्यासात नवऱ्याच्या मूळ देशाचाही परिणाम दिसला. त्याआधी २००४ साली या दोघींनी क्लॉदिया ओलिवेत्ती यांच्याबरोबर एक वेगळी गोष्ट दाखवली होती: ज्या पुरुषांच्या आया नोकरी करत होत्या, त्यांच्या बायका नोकरी करण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही राज्यांतले पुरुष जास्त प्रमाणात लढाईवर गेले आणि तिथल्या बायका जास्त संख्येने कामाला लागल्या. पुढे त्यांचे मुलगे मोठे झाले तेव्हा त्या राज्यांत सुनाही जास्त कामाला लागल्या.

आमच्या गटात एकीने विचारलं होतं, “मुलगा बघताना पत्रिका बघतात, पण तुझ्या आईने नोकरी केली का हे कुणी विचारतं का?” शिक्षिका, नर्स, टेलिफोन ऑपरेटर असलेल्या सासूच्या मुलाला शाळेतून घरी येऊन स्वतःचं पान वाढून घ्यायची सवय असते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा मी कामावरून येईपर्यंत त्यांनी मुलाला कणीक मळायला बसवलेलं होतं.

बाई आधी गेली आणि नवरा मागून, असं होतं तेव्हा?

केरळच्या नर्सेस हे त्याचं मोठं उदाहरण. १९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर नर्सेसना यायची वाट मोकळी झाली. केरळातल्या, विशेषतः ख्रिस्ती घरांतल्या मुली आधी आल्या. नवरे नंतर, बायकोच्या कागदांवर. इथे आल्यावर बायकोचा पगार जास्त, तिची रात्रपाळी, आणि मुलांना भरवणं-झोपवणं नवऱ्याकडे. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी या कुटुंबांबद्दल लिहिलं आहे. घरात आणि बाहेर जे स्थान कमी झालं ते अनेक पुरुषांनी चर्चच्या समित्यांत आणि कारभारात परत मिळवलं.

म्हणजे पगार वाढला की मान आपोआप वाढतो, असं झालं नाही. पण पुढच्या पिढीने बापाला भात शिजवताना पाहिलं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

डिग्री सारखी, अनुभव सारखा, तरी माझा पगार कमी का?

बहुतेक वेळा यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, खंड. मला पहिल्या मुलाखतीत समोरच्या माणसाने बायोडेटावर बोट ठेवून विचारलं, “ही नऊ वर्षं कुठे गेली?” बँकेत कर्जांची छाननी करणारी मी, सुरुवात केली ती कारकुनी कामापासून.

दुसरी, डिग्रीची ओळख. भारतातल्या डॉक्टरला इथे परीक्षा देऊन पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, करावी लागते, दंतवैद्याला पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज, नर्सला एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. ही वर्षं आणि ही फी पहिल्यांदा कुणावर खर्च करायची हे घर ठरवतं, आणि तिथे पुन्हा ‘कर्ता’ कोण हा प्रश्न येतो.

तिसरी, मुलं. डेन्मार्कसारख्या देशातही पहिल्या मुलानंतर आईची कमाई दीर्घकाळ सुमारे २० टक्के मागे राहते, बापाची राहत नाही. हे हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी मोजलं आहे. क्लेव्हन यांनीच पुढे अमेरिकेत दाखवलं की परदेशातून आलेल्या बायकांची ही घट त्यांच्या जन्मदेशातल्या घटीशी मिळतीजुळती असते.

चौथी, तास. संस्कारांचा परिणाम मुख्यतः काम करायचं की नाही आणि किती तास, यावर दिसतो. भारतातल्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही दोनशे मिनिटं परदेशात आल्यावर संपत नाहीत. पोळीवाल्या मावशी मागे राहतात, त्यामुळे उलट वाढतात.

घरून डबे किंवा फराळ विकला तर?

आधी परवानगी बघा. ईएडी नसताना एच-४ वर डबे विकणं हेही काम धरलं जातं आणि ते महागात पडू शकतं. परवानगी असेल तर राज्याचा नियम बघा. न्यू जर्सीत घरी भाजलेले पदार्थ विकायला मुभा मिळाली ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये, सगळ्या राज्यांच्या शेवटी. त्यासाठी आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि तो न नासणाऱ्या पदार्थांपुरता असतो. पोळी-भाजीचा डबा त्यात बसत नाही. त्याला मान्यता असलेलं स्वयंपाकघर लागतं.

दुसरं म्हणजे मिळालेल्या पैशांवर कर भरा. ‘घरचंच तर आहे’ म्हणून सोडून दिलेली कमाई सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, नोंदीत कुठेच दिसत नाही. दिवाळीत चारशे डबे चकल्या-शंकरपाळे करणारी बाई सरकारच्या लेखी त्या वर्षी काही न कमावलेली असते.

संस्कार नेहमी आडच येतात का?

मुळीच नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी नोकरीवर परतल्या त्या आई आणि सासूबाईंच्या जिवावर. सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई. व्हिजिटर व्हिसाच्या मुदतीवर बांधलेलं हे वेळापत्रक मराठी घरांत इतकं नेहमीचं आहे की आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. बाळंतपण आणि नातवंडं ही आजीचीही जबाबदारी, हा संस्कारच आहे, आणि तो सुनेच्या-लेकीच्या पगाराला बळ देतो. त्या दोन बायका साठीत येऊन, बर्फात अडकून, गाडी चालवता येत नाही म्हणून दिवसभर चार भिंतींत राहून हे काम करतात, याची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात नाही.

काही देशांतून तर काम करायचाच संस्कार येतो. पूर्व जर्मनीत आईने मूल वर्षभराचं झालं की कामावर जाणं नेहमीचं होतं, पश्चिमेत आई बरीच वर्षं घरी थांबायची. १९९० मध्ये दोन्ही एक झाले. पश्चिमेत राहायला गेलेल्या पूर्वेकडच्या आया तिथेही लवकर कामावर परतत राहिल्या. आणि ज्या पश्चिमेकडच्या बायका त्यांच्या शेजारी बसून काम करत होत्या, त्याही बाळंतपणानंतर लवकर परतायला लागल्या. म्हणजे हे एकीकडून दुसरीकडे जातं.

परदेशात आलेल्या आपल्याकडच्या बायका मिळेल त्या पगारावर निमूट काम करतात, असं म्हणतात. खरं आहे?

जयाबेन देसाई यांचं नाव ऐकलं नसेल तर ऐका. वायव्य लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुऊन देणाऱ्या कंपनीत ऑगस्ट १९७६ मध्ये सक्तीच्या जादा कामावरून त्या बाहेर पडल्या. त्यांच्यामागे संपावर आलेल्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका होत्या. कितीतरी जणी तिथे खाऊनपिऊन सुखी घरातल्या, लंडनला येऊन पहिल्यांदाच पगारावर काम करणाऱ्या. साडी, वर कोट, हातात फलक, अशा त्या जवळजवळ दोन वर्षं, जुलै १९७८ पर्यंत, फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. हजारो ब्रिटिश कामगार त्यांच्या पाठीशी आले. संप यशस्वी झाला नाही, युनियनला मान्यता मिळाली नाही. पण ‘आशियाई बायका बोलत नाहीत’ असं त्यानंतर ब्रिटनमध्ये कुणाला सहज म्हणता येईना.

गोव्याकडच्या बायकांचं चित्र वेगळं आहे का?

बरंच. तिथे पुरुष बोटीवर किंवा आखातात आणि घराचा सगळा व्यवहार बाईच्या हातात, हे पिढ्यांचं आहे. बाईही आखातात घरकामाला एकटी गेलेली आहे. १९६१ आधीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवून इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला गेलेल्या घरांत नवरा-बायको दोघंही गोदामात, उलटसुलट पाळ्यांत काम करताना दिसतात.

नोकरी न करणं ही माझी स्वतःची निवड असेल तर?

मग ती करा, आणि कुणालाही त्याचं स्पष्टीकरण देऊ नका. फक्त काही गोष्टी माहीत असू द्या. अमेरिकेत स्वतःच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. ती नसतील तर नवऱ्याच्या नोंदीवर त्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते. घटस्फोट झाला तर हा हक्क राहण्यासाठी लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं. नऊ वर्षं अकरा महिने असेल तर तो मिळत नाही.

बँकेत आणि घराच्या कागदांवर तुमचं नाव हवं. एक क्रेडिट कार्ड स्वतःच्या नावावर, तुमच्या क्रेडिट स्कोअरसाठी. जुन्या कामाची पत्रं, डिग्रीच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचे मोहोरबंद लिफाफे हे सगळं एका फाइलमध्ये. माझी फाइल पुण्यात माळ्यावर राहिली होती, आणि लागली तेव्हा आईने भाच्याला शिडीवर चढवून ती शोधून पाठवली. ती येईपर्यंत एक नोकरी गेली.